वाचनालय आणि स्मृतिशिला

अमेरिकेच्या पेनसिल्व्हानिया राज्यात पिट्सबर्ग नावाचे मोठे शहर आहे. त्याच्या शेजारी, मोनोंगाहेला नदीच्या काठी, होमस्टेड हे कामगारांचे गाव वसले आहे. ह्या गावाच्या परिसरात दोन वास्तू पाहावयास मिळतात. एक आहे उंचावर उभे असलेले भव्य वाचनालय. त्यात ग्रंथसंग्रह आहे, संगीताच्या कार्यक्रमांसाठी सभागृह आहे, पोहण्याचा तलावही आहे. १८९८ साली हे वाचनालय उघडले. अँड्र्यू कार्नेगी ह्या पोलादाच्या कारखानदाराने ते बांधून दिले होते. दुसरी वास्तू म्हणजे रस्त्याच्या कडेची एक दगडी स्मृतिशिला. ६ जुलै १८९२ रोजी कार्नेगीच्याच कारखान्यापाशी झालेल्या चकमकीत जे कामगार मरण पावले, त्यांच्या स्मरणार्थ पोलाद-कामगारांच्या संघटनेने ती १९४१ साली उभारली.

एकाच माणसाच्या ह्या दोन आठवणी. पहिली त्याने स्वतः बांधली. दुसरी उभी राहण्यास जवळजवळ पन्नास वर्षे लागली. ह्या दोहोंपैकी खरी कोणती मानावी? वाचनालयाच्या पायऱ्या चढणाऱ्याने त्या दात्याला धन्यवाद द्यावेत, की स्मृतिशिलेपाशी उभे राहणाऱ्याने त्याला दोष द्यावा? विद्यार्थिमित्रहो, मोठ्या सामर्थ्यवान माणसांचा न्याय कसा करावा, हा ह्या पाठाचा विषय आहे. तो अवघड आहे. परंतु उद्योगधंदे झपाट्याने वाढत असलेल्या कोणत्याही देशातील नागरिकाला तो टाळता येत नाही.

ह्या गोष्टीचा काळ आधी ध्यानी घेऊ. १८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले आणि त्या देशात उद्योगांचे जणू वादळच सुटले. त्या वर्षी तेथे लोहमार्गांची लांबी सुमारे ३५ हजार मैल होती. १९०० साली ती १ लाख ९० हजार मैलांच्या पुढे गेली. १८७० साली साऱ्या देशात मिळून वर्षाला एक लाख टनही पोलाद होत नव्हते. १९०० साली एक कोटी टनांहून अधिक होऊ लागले. युरोपातील दरिद्री खेड्यांतून लक्षावधी माणसे बोटींनी येऊन ह्या कारखान्यांत कामाला लागली. कायदे मात्र उद्योगांच्या मागून रखडत चालले होते. कामाच्या तासांना बहुधा मर्यादा नव्हती. यंत्रात हात तुटला तर नुकसानभरपाई मिळेलच अशी शाश्वती नव्हती. कायमचा प्राप्तिकर तर १९१३ साली आला. अशा वेळी ज्याच्या हाती धाडस, हिशेब आणि संधी ही तिन्ही एकवटली, त्याच्या हाती राजालाही हेवा वाटावा असे ऐश्वर्य आले. पोलादात कार्नेगी, तेलात जॉन रॉकफेलर, लोहमार्गांत व्हँडरबिल्ट, पेढीच्या व्यवहारात मॉर्गन ही त्यांतील ठळक नावे होत.

ह्या माणसांना लोकांनी दोन नावे दिली. कोणी त्यांना ‘उद्योगाचे सेनापती’ म्हटले, तर कोणी ‘लुटारू सरदार’. मध्ययुगात जर्मनीतील ऱ्हाइन नदीच्या काठी काही सरदार आपल्या गढ्यांतून येणाऱ्याजाणाऱ्या नौका अडवीत व मनमानी जकात उकळीत. त्यांची आठवण देणारे हे दुसरे नाव. एका नावात गौरव आहे, दुसऱ्यात संताप आहे. आणि दोन्ही नावांत एक सोय आहे. नाव एकदा चिकटवले की अधिक विचार करण्याचे श्रम वाचतात. ते श्रम आपण घेऊ.

अँड्र्यू कार्नेगीचा जन्म २५ नोव्हेंबर १८३५ रोजी स्कॉटलंडमधील डनफर्मलिन गावी झाला. त्याचा बाप हातमागावर उंची कापड विणीत असे. वाफेचे माग आले आणि हातमागाचे काम सुटले. घरात दारिद्र्य शिरले. १८४८ साली हे कुटुंब उसनवारी करून अमेरिकेला गेले. त्यावेळी अँड्र्यू बारातेरा वर्षांचा होता. तो एका कापडगिरणीत बॉबिन भरणारा पोऱ्या म्हणून लागला. पहाटेच्या अंधारात घराबाहेर पडावे आणि रात्रीच्या अंधारात परतावे, अशा सहा दिवसांच्या कामाबद्दल त्याला आठवड्याला १ डॉलर २० सेंट मिळत. पुढे तो तारघरात तारा पोहोचविणारा मुलगा झाला.

त्या गावात जेम्स अँडरसन नावाचे एक सद्‌गृहस्थ होते. त्यांच्यापाशी सुमारे चारशे पुस्तके होती. दर शनिवारी ते आपले घर कष्टकरी मुलांसाठी उघडे ठेवीत आणि एकेक पुस्तक आठवडाभर वाचावयास देत. पुढे ह्या संग्रहाला नियम लागले आणि तारघरातील मुलांकडून वर्गणी मागण्यात आली. तेव्हा ह्या मुलाने वर्तमानपत्राला पत्र लिहून आपली बाजू मांडली आणि तो नियम बदलून घेतला. शाळेचे दार ज्याच्यासाठी बंद झाले होते, त्याला पुस्तकांचे दार उघडे मिळाले. ही कृतज्ञता कार्नेगी जन्मभर विसरला नाही. हे पुढील हकीकत वाचताना ध्यानात ठेवावे.

तारायंत्राची विद्या शिकून तो १८५३ साली पेनसिल्व्हानिया रेल्वेत लागला व सहा वर्षांत एका विभागाचा अधीक्षक झाला. तेथे त्याने दोन गोष्टी हेरल्या. पहिली अशी की, देशाला लोखंडाचे नव्हे तर पोलादाचे रूळ लागणार आहेत. दुसरी अशी की, प्रत्येक टनामागे किती खर्च होतो ह्याचा चोख हिशेब ठेवणारा कारखानदार फार थोडा सापडतो. हेन्री बेसेमर ह्या इंग्रज संशोधकाने पोलाद करण्याची नवी रीत काढली होती. वितळलेल्या कच्च्या लोखंडातून जोराची हवा सोडली म्हणजे त्यातील जादा कर्ब जळून जातो आणि थोड्या मिनिटांत टनावारी पोलाद तयार होते. ह्या रीतीचा मोठा कारखाना कार्नेगीने ब्रॅडॉक येथे उभारला व १८७५ साली तो सुरू झाला. त्याला त्याने एडगर टॉमसन हे नाव दिले. हे टॉमसन पेनसिल्व्हानिया रेल्वेचे अध्यक्ष होते, आणि रुळांचे मोठे गिऱ्हाईक तीच रेल्वे होती! १८८३ साली त्याने होमस्टेडचा कारखानाही विकत घेतला. खाणीतील कोळसा, धातुक, वाहतुकीचे मार्ग, भट्ट्या असे सारे एका हाताखाली आणून त्याने खर्च उतरविला. १८७० साली पोलादी रुळांचा भाव टनाला शंभर डॉलरांहून अधिक होता. १८९८ साली तो वीस डॉलरांच्याही खाली आला. स्वस्त पोलादाने नद्यांवर पूल बांधले, शेतांतील धान्य बंदरांपर्यंत नेले, शहरांत उंच इमारती उभ्या केल्या. हा लाभ खरा होता आणि तो कोट्यवधी लोकांना पोहोचला. ह्याचे श्रेय कार्नेगीला नाकारणे अन्यायाचे होईल.

परंतु ते श्रेय संपूर्ण त्याचेच होते काय? रीत बेसेमरची होती. परदेशी पोलादावर सरकारने भारी जकात बसवून देशी कारखानदारांना आडोसा दिला होता. भट्टीपुढे घाम गाळणारे हात हजारो होते. आणि ब्रॅडॉकचा कारखाना नावारूपास आणला तो तेथील अधीक्षक कॅप्टन विल्यम जोन्स ह्यांनी. जोन्स कामगारांत वाढलेले होते. सतत बारा तास भट्टीपुढे उभा राहणारा माणूस चांगले काम करू शकत नाही, असे सांगून त्यांनी ब्रॅडॉकला आठ तासांच्या पाळ्या सुरू करविल्या होत्या. कारखाना उत्तम चालला. पण प्रतिस्पर्धी कारखाने बारा तासच काम घेत राहिले, तेव्हा १८८८ साली कार्नेगीने आठ तासांची पद्धत मोडून पुन्हा बारा तास लागू केले. कामगारांनी विरोध केला; तो मोडून काढण्यात आला. पुढच्याच वर्षी भट्टीच्या अपघातात कॅप्टन जोन्स मरण पावले.

आता होमस्टेडकडे वळू. १८९२ साली तेथे सुमारे ३,८०० कामगार होते. त्यांतील कुशल कारागिरांची संघटना बलवान होती. त्यांची मजुरी पोलादाच्या भावाशी बांधलेली असे. भाव चढला तर मजुरी चढे, भाव उतरला तर उतरे. मात्र एका ठराविक पातळीखाली ती जाऊ नये, असा करार होता. ३० जूनला ह्या कराराची मुदत संपत होती. ही खालची पातळी आणखी उतरवावी, असा मालकांचा आग्रह होता. आणि त्याहून मोठा हेतू होता तो संघटनाच मोडून टाकण्याचा. कार्नेगी त्या उन्हाळ्यात स्कॉटलंडला निघून गेला. कारभार हेन्री क्ले फ्रिक ह्या त्याच्या करड्या भागीदाराच्या हाती होता. फ्रिकने कारखान्याभोवती उंच कुंपण घातले, टाळेबंदी जाहीर केली आणि पिंकर्टन कंपनीचे सुमारे तीनशे भाडोत्री पहारेकरी मागविले.

६ जुलैच्या पहाटे हे पहारेकरी दोन पडावांत बसून नदीमार्गे आले. गाव जागे झाले. कामगार, त्यांच्या बायका, पोरे, सारी नदीकाठी धावली. पहिली गोळी कोणाची सुटली, ह्याविषयी दोन्ही बाजूंचे दोन तऱ्हेचे सांगणे आहे. दिवसभर चकमक चालली. सात कामगार व तीन पहारेकरी ठार झाले. अखेर पहारेकऱ्यांनी शरणागती पत्करली. तेव्हा संतप्त जमावाने त्यांना वाटेत बेदम मारले. मेलेले पहारेकरीही पोटासाठीच आले होते, हेही आपण विसरू नये. काही दिवसांनी राज्याच्या लष्करी दलाचे हजारो शिपाई आले आणि त्यांच्या पहाऱ्यात नव्या मजुरांना घेऊन कारखाना सुरू झाला. नोव्हेंबरात संप मोडला. संघटना नाहीशी झाली, मजुरी उतरली, बारा तासांचा दिवस कायम झाला. दिवसपाळी व रात्रपाळी यांची दर पंधरवड्याला अदलाबदल होई, तेव्हा एका गटाला सलग चोवीस तास काम करावे लागे. पोलाद कारखान्यांतील हा बारा तासांचा दिवस १९२३ साली हटला, आणि तेथील सर्वांत मोठ्या कंपनीने कामगारांच्या संघटनेला मान्यता दिली ती १९३७ साली.

कार्नेगी त्या दिवशी समुद्रापलीकडे होता, म्हणून तो निर्दोष ठरतो काय? संघटना ठेवावयाची नाही, हा विचार त्याचाच होता. तिकडून पत्रे लिहून त्याने फ्रिकला पाठिंबाच दिला. दूर राहिल्याने हात स्वच्छ राहतात, जबाबदारी मात्र दूर जात नाही. पुढे आत्मचरित्रात त्याने लिहिले की, ह्या घटनेइतकी खोल जखम त्याला आयुष्यात दुसरी झाली नाही. ते खरेही असेल. परंतु मालकाची जखम मनाला झाली होती. कामगारांची देहाला आणि संसाराला झाली होती.

जबाबदारी मोजताना मात्र आपलाही तोल सुटता कामा नये. ३१ मे १८८९ रोजी पिट्सबर्गच्या पूर्वेस एक मातीचे धरण फुटून जॉन्सटाउन शहर वाहून गेले व २,२०९ माणसे दगावली. ते धरण पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका मंडळाच्या मालकीचे होते आणि त्याच्या देखभालीत अक्षम्य हयगय झाली होती. कार्नेगी ह्या मंडळाचा सभासद होता. पुराने नष्ट झालेले वाचनालय त्याने पुन्हा बांधून दिले. न्यायालयात ह्या मंडळातील कोणालाच जबाबदार धरण्यात आले नाही. येथे कार्नेगी अनेक सभासदांपैकी एक होता. होमस्टेडला अखेरचा शब्द त्याचा होता. दोन्ही ठिकाणी त्याचे नाव येते, म्हणून दोन्ही दोष एकाच मापाचे ठरत नाहीत. ज्याच्या हाती जितका अधिकार, तितका त्याचा जाब.

१९०१ साली कार्नेगीने आपला सारा व्यवसाय मॉर्गनला ४८ कोटी डॉलरांस विकला. त्यातील सुमारे साडेबावीस कोटी त्याच्या वाट्यास आले. ह्या धनाचे काय करावयाचे, हे त्याने १८८९ मध्येच एका निबंधात लिहून ठेवले होते. धनिकाने साधेपणाने राहावे, उरलेल्या संपत्तीचा स्वतःला विश्वस्त मानावे आणि हयातीतच ती लोकहितासाठी वेचावी, असे त्याचे मत होते. हे त्याने आचरणातही आणले. जगभर अडीच हजारांहून अधिक वाचनालये, हेग येथील शांतिमंदिर, संशोधनसंस्था, अध्यापकांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी, आपल्या कामगारांसाठी चाळीस लाख डॉलरांचा साहाय्यनिधी अशा कार्यांत त्याने सुमारे ३५ कोटी डॉलर दिले. वाचनालयासाठी त्याची अट असे की, गावाने जागा द्यावी आणि देणगीच्या एकदशांश रक्कम दरवर्षी स्वतः खर्चावी. म्हणजे वाचनालय गावाचे स्वतःचे होते. ११ ऑगस्ट १९१९ रोजी तो वारला, तेव्हा संपत्तीचा बहुतेक भाग त्याने देऊन टाकला होता.

तरीही सर्वांनी ही देणगी हसतमुखाने घेतली नाही. पश्चिम व्हर्जिनियातील व्हीलिंग शहरात १९०४ साली कामगार संघटनांनी विरोध केला आणि मतदारांनी कार्नेगीचे वाचनालय नाकारले. आपल्याकडे म्हण आहे, ‘गाय मारून जोडे दान करणे’. व्हीलिंगच्या लोकांचे म्हणणे थोडेफार असेच होते. म्हण चपखल आहे. परंतु म्हणीने निवाडा झटपट होतो, म्हणून तिच्यावर थांबून चालणार नाही. कार्नेगीचे दान नुसत्या दिखाव्याचे नव्हते. पुस्तक म्हणजे काय, हे बॉबिन भरणाऱ्या त्या मुलाला मनापासून ठाऊक होते. आणि नेमके ह्याच ठिकाणी त्याच्या जीवनातील मोठी विसंगती दिसते. अँडरसन ह्यांनी त्याला पुस्तके दिली, कारण शनिवारचा थोडा मोकळा वेळ त्याच्यापाशी होता. होमस्टेडला त्याने स्वतः सुंदर वाचनालय दिले. पण बारा तास आगीपुढे उभे राहून घरी परतणाऱ्या माणसाला ते उघडण्याची शक्ती कोठून येणार? त्याने पुस्तके दिली आणि वाचण्याचा वेळ काढून घेतला. आपल्या मजुरीतले पैसे मजुरांनी स्वतः खर्चण्यापेक्षा आपण त्यांच्यासाठी खर्चणे अधिक हिताचे, असे तो मानीत होता. दुसऱ्याचे हित त्याच्याहून आपल्यालाच अधिक कळते, ही समजूत सामर्थ्यवानांना फार लवकर जडते.

मग निवाडा कसा करावा? माझ्या मते तीन गोष्टी सांभाळाव्या.

पहिली गोष्ट अशी : माणसाला त्याच्या काळात ठेवून पाहावे. पण ‘तो काळच तसा होता’ असे म्हणून उठून जाऊ नये. आठ तासांची पाळी चालू शकते, हे कार्नेगीच्या स्वतःच्या कारखान्यात सिद्ध झाले होते. कामगारांना संघटना करण्याचा हक्क मालकांइतकाच आहे, असे त्याने स्वतःच १८८६ साली लेखांतून मांडले होते. म्हणून त्याला दोष देताना आपण आजची फूटपट्टी लावीत नाही. त्यानेच आखलेली लावतो.

दुसरी गोष्ट अशी : सत्कृत्यातून दुष्कृत्य वजा करू नये. हा वजाबाकीचा हिशेब नव्हे. शेजाऱ्याचे शंभर रुपये देणे असताना देवळाला हजार रुपयांची देणगी दिली, तर देणगीचे पुण्य लागेल. शेजाऱ्याचे देणे मात्र तसेच राहील. डनफर्मलिनच्या वाचकाला मिळालेल्या पुस्तकाने होमस्टेडच्या विधवेचे देणे फिटत नाही. त्याचप्रमाणे विधवेच्या दुःखाने ते पुस्तक खोटे ठरत नाही. दोन्ही नोंदी वहीत राहू द्याव्या. तुकारामांसारख्या संतांनीही धनाचा विचार करताना ते कसे जोडले आणि कसे वेचले, हे दोन्ही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

तिसरी गोष्ट अशी : एका माणसाच्या गुणदोषांपाशी थांबू नये, त्याच्या हाती इतके सामर्थ्य कसे आले, हे विचारावे. कॅप्टन जोन्स ह्यांची आठ तासांची पाळी मोडली, कारण ती एका मालकाच्या मर्जीवर उभी होती आणि शेजारच्या कारखान्यांना तसा नियम नव्हता. सर्वांना सारखा लागू होणारा कायदा असता, तर सज्जन मालकाला तोटा झाला नसता आणि लोभी मालकाला पळवाट राहिली नसती. अमेरिकेत मजुरीचा व कामाच्या तासांचा देशव्यापी कायदा १९३८ साली झाला. तोवर पोलादाच्या पहिल्या भट्टीला साठांहून अधिक वर्षे लोटली होती.

रॉकफेलरचे उदाहरण ह्याच मापाने तपासता येईल. आपण ज्याला रॉकेल म्हणतो, त्या तेलाच्या धंद्यात त्याने १८७० साली ‘स्टँडर्ड ऑइल’ कंपनी स्थापली आणि दहाएक वर्षांत अमेरिकेतील सुमारे नव्वद टक्के तेलशुद्धी आपल्या हाती आणली. तेल स्वस्त झाले, गरिबांच्या घरी दिवे लागले. पण रेल्वे कंपन्यांकडून छुप्या सवलती मिळवून त्याने लहान धंदेवाल्यांना बुडविले. आयडा टारबेल ह्या लेखिकेने कागदपत्रे धुंडाळून १९०२ ते १९०४ ह्या काळात ही हकीकत मासिकातून उघड केली. तिच्या वडिलांनाही ह्या डावपेचांची झळ लागली होती. तरी तिने लेखनात पुरावा महत्त्वाचा मानला आणि रॉकफेलरच्या संघटनकौशल्याची दादही दिली. १९११ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती कंपनी फोडून तिच्या ३४ कंपन्या करावयास लावल्या. दुसरीकडे, १९१३ साली स्थापन झालेल्या रॉकफेलर प्रतिष्ठानाने देशोदेशी रोगनिवारणाचे कार्य केले. आपल्या पुण्यात १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हे प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने विषाणू संशोधन केंद्र निघाले. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९५७ साली कर्नाटकच्या क्यासनूर जंगलातील तापाचा विषाणू ओळखण्याचे काम ह्या केंद्राने केले, आणि २०२० साली करोनाच्या साथीत भारतातील पहिल्या रुग्णाचे निदान येथेच पक्के झाले. पेनसिल्व्हानियातील बुडालेल्या तेलवाल्याचा पैसा आणि पुण्यातील प्रयोगशाळा ह्यांचा असा दूरचा संबंध आहे. म्हणजे ह्या खटल्यात आपण केवळ न्यायाधीश नाही. थोडेसे वारसही आहोत. वारसाने मिळालेले नाकारण्याचे कारण नाही, पण ते कोठून आले हे विसरूही नये.

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. असे निवाडे कायमचे होत नाहीत. १९३४ साली महामंदीने लक्षावधी अमेरिकन बेकार असताना मॅथ्यू जोसेफसन ह्या लेखकाने ‘लुटारू सरदार’ ह्याच नावाचा ग्रंथ लिहिला आणि तो घरोघर वाचला गेला. १९४० साली ॲलन नेव्हिन्स ह्या इतिहासकाराने रॉकफेलरचे चरित्र लिहून त्याच्या कर्तृत्वाची बाजू मांडली. भुकेच्या दिवसांत लोकांना लूट दिसते, भरभराटीच्या दिवसांत कर्तबगारी दिसते. म्हणून निवाडा देणाऱ्याने आपण कोणत्या दिवसांत बसलो आहोत, हेही तपासावे. इतिहासाचा न्याय म्हणजे मेलेल्यांना हार घालणे किंवा शिव्या देणे नव्हे. मेलेल्यांना त्याचे सुखदुःख नाही. त्याचा उपयोग जिवंतांना आहे. आपल्या आसपास नवे कारखाने उभे राहतील, नवे धनिक उदयास येतील, त्यांची नावे शाळांवर आणि रुग्णालयांवर कोरली जातील. त्या वेळी दारावरचे नाव आदराने वाचावे. आणि ज्यांच्या श्रमांतून ते धन उभे राहिले, पण ज्यांची नावे कोठेच कोरली गेली नाहीत, त्यांची विचारपूसही त्याच आदराने करावी. जो हे दोन्ही करतो, त्याचा निवाडा चुकला तरी अन्यायाचा होत नाही.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) होमस्टेडची स्मृतिशिला कोणी व कधी उभारली?
(आ) ब्रॅडॉकच्या कारखान्याला एडगर टॉमसन हे नाव देण्यात कोणते चातुर्य होते?
(इ) वाचनालयासाठी देणगी देताना कार्नेगी कोणती अट घाली?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘त्याने पुस्तके दिली आणि वाचण्याचा वेळ काढून घेतला,’ हे विधान स्पष्ट करा.
(आ) जॉन्सटाउन व होमस्टेड येथील कार्नेगीच्या जबाबदारीत लेखकाने कोणता फरक दाखविला आहे?
(इ) कॅप्टन जोन्स ह्यांची आठ तासांची पाळी टिकली नाही, ह्यावरून लेखकाने कोणता निष्कर्ष काढला आहे?

३. ‘गाय मारून जोडे दान करणे’ ह्या म्हणीचा अर्थ सांगा. कार्नेगीला ती पूर्णपणे लागू पडते असे तुम्हांला वाटते काय? कारणे द्या.

४. व्हीलिंग शहरातील तुम्ही एक मतदार आहात अशी कल्पना करा. वाचनालय स्वीकारावे की नाकारावे, ह्याविषयी वर्तमानपत्राला पंधरा ओळींचे पत्र लिहा.

५. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या इमारतीवर दात्याचे नाव कोरलेले आहे काय? त्याने ते धन कसे मिळविले व ती इमारत कोणी बांधली, ह्याची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवून लिहा.